देवनागरी पीडीएफ पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर गिळून टाकतो, इंग्रजी मात्र नीट छापतो

शाईची_ओळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

चार दिवस या एका प्रिंटरपायी रात्री उशिरापर्यंत बसतेय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

प्रिंटर जुना, काळा-पांढरा लेझर, नेटवर्कवर जोडलेला. त्याच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशन पानावर ‘पोस्टस्क्रिप्ट ३’ (पानं छापायच्या भाषेची तिसरी पातळी) असं स्पष्ट छापून येतं. जुन्या लिनक्स मशीनवरून गेली कित्येक वर्षं तो बिनतक्रार चालला. आता मशीन बदललं, लिनक्सची नवी आवृत्ती टाकली, प्रिंटर जोडला, टेस्ट पेज सुरेख आलं. मग मराठी पीडीएफ पाठवली. डेटाचा दिवा अर्धा मिनिट लुकलुकला आणि विझला. कागद हललासुद्धा नाही. कॉम्प्युटर म्हणतो, जॉब पूर्ण झाला.

इंग्रजी पत्र छापतं. स्कॅन केलेली मराठी पानं छापतात. त्याच प्रोग्रामातून टाईप केलेली मराठी पानं मात्र गडप. एकाच पानावर दोन्ही भाषा असतील तर ते पानही गडप.

ड्रायव्हर दोनदा काढून टाकला. यादीतला ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट’ निवडून पाहिला, तेच. पीसीएलचा (प्रिंटरला येणारी दुसरी भाषा) ड्रायव्हर लावला तर छापतं, पण दुसरा ट्रे ओळखत नाही आणि तक्त्यांच्या बारीक रेघा जाड होतात. मला प्रिंटर पोस्टस्क्रिप्टवरच हवा आहे. कुठे चुकतंय?

निळीशाई

पीडीएफचं आधी चित्रात रूपांतर करा आणि मग छापा. मी वर्षभर तेच करतोय. स्कॅन छापतंय म्हणजे चित्र छापणारच.

टोनरगंध

निळीशाई, एखाद्या पानाला ठीक आहे, पण हा रोजचा उपाय होऊ शकत नाही. ए-४ पान ६०० डीपीआयला म्हणजे सुमारे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, जवळजवळ साडेतीन कोटी. करड्या छटांत घेतलं तर एका पानाचे ३५ एमबी, दाबून भरण्याआधी. निव्वळ काळा-पांढरा घेतला तरी चार एमबीच्या वर. शिवाय अक्षरांच्या कडा प्रिंटर स्वतः जितक्या नीट काढतो तितक्या येत नाहीत, आणि लहान टायपात ते लगेच दिसतं.

धागाकर्ती ताई, तुम्ही दिलेली लक्षणं फार कामाची आहेत. अंदाज बांधण्याआधी तीन गोष्टी सांगा. प्रिंटर कोणत्या पत्त्याने जोडलाय, म्हणजे सुरुवातीला एलपीडी आहे, सॉकेट आहे की आयपीपी (नेटवर्कवरून प्रिंटरशी बोलायच्या तीन वाटा)? पीपीडी फाईलमध्ये (प्रिंटरला काय काय येतं ते सांगणारी फाईल) ‘कप्सफिल्टर’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आहे का? (कप्स म्हणजे लिनक्सची छपाई सांभाळणारी व्यवस्था.) आणि लॉग. कप्ससीटीएल कमांडला डीबग-लॉगिंगचा पर्याय द्या, एकच पान पाठवा, मग एरर लॉगमधला फक्त त्या जॉबचा भाग इथे लावा. काम झालं की डीबग बंद करायला विसरू नका, ती फाईल भराभर फुगते.

शाईची_ओळ

टोनरगंध, धन्यवाद.

पत्ता एलपीडीचा आहे, जुन्या मशीनवर होता तोच उतरवून घेतला. पीपीडीत कप्सफिल्टरची ओळ नाही. लॉगमध्ये तीन प्रोग्राम सुरू झालेले दिसतात: आधी पीडीएफटूपीडीएफ, मग पीडीएफटूपीएस, शेवटी एलपीडीचा बॅकएंड (प्रिंटरकडे डेटा धाडणारा भाग). तिघेही शून्य स्टेटसने संपलेत. म्हणजे लॉगप्रमाणे काहीच बिघडलेलं नाही!

टोनरगंध

कप्सफिल्टरची ओळ नसणं बरोबरच आहे. ती नसली की कप्स समजतं की हा खरा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर आहे, आणि पोस्टस्क्रिप्ट थेट त्याच्याकडे धाडतं.

अडचण एलपीडीत आहे. म्हणजे बिघाड तिथे असेलच असं नाही, पण एलपीडीच्या वाटेने प्रिंटरचा निरोप परत येत नाही. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर अडला की तो काय अडलं ते बोलतो, फक्त ऐकायला कुणी हवं. पत्ता बदलून सॉकेटचा करा, पोर्ट ९१००. ती वाट दुहेरी आहे, प्रिंटरने पाठवलेलं परत येऊ शकतं.

एलपीडीतला आणखी एक खड्डा सांगून ठेवतो, कारण तो शोधण्यात माझे दोन आठवडे गेले होते. काही प्रिंट सर्व्हरांत एलपीडीच्या क्यूला (जॉबांच्या रांगेला) नावं असतात, एक ‘रॉ’ आणि एक ‘टेक्स्ट’. टेक्स्टच्या क्यूत फाईल गेली की सर्व्हर प्रत्येक ओळीच्या शेवटी आपल्याकडून कॅरेज रिटर्न घालतो. साध्या मजकुराला ते सोयीचं असतं. पण पोस्टस्क्रिप्टमध्ये बायनरी डेटा असेल तर त्याच्या पोटात हे जास्तीचे बाइट शिरतात आणि चित्राचा किंवा फॉन्टचा चुराडा होतो.

रात्रपाळी

मध्येच शिरतोय, माफ करा. माझा प्रिंटर गिळत नाही, उलट ओकतो. पहिल्या पानाच्या डोक्यावर ‘टक्का, उद्गारचिन्ह, पीएस-अ‍ॅडोबी-३.०’ आणि खाली शेकडो पानं प्रोग्रामचा कोड. हे एकाच दुखण्याचं दुसरं टोक आहे का?

जुनीपाटी

रात्रपाळी, तुमचं दुखणं वेगळं आहे आणि बहुतेक सोपंही. तुमच्या प्रिंटरला कळतच नाहीये की आलेला मजकूर पोस्टस्क्रिप्ट आहे. तो त्याला साधा मजकूर समजून छापतोय.

आधी कॉन्फिगरेशन पान काढा आणि पोस्टस्क्रिप्ट खरंच बसवलेलं आहे का ते पाहा. बऱ्याच मॉडेलांत ते वेगळं घ्यावं लागायचं, आणि नाव सारखंच असल्यामुळे यादीतून पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर निवडला जातो. असेल, तर प्रिंटरच्या मेनूत भाषेची सेटिंग पाहा. ती पीसीएलवर अडकवलेली असेल तर ऑटो करा किंवा पोस्टस्क्रिप्ट करा. तिसरी शक्यता: फाईल दुसऱ्या सिस्टिमवर बनली आहे आणि तिच्या अगदी पहिल्या जागी कंट्रोल-डी हा न दिसणारा बाइट आहे. सीरियल आणि पॅरलल केबलच्या काळात कंट्रोल-डी म्हणजे ‘जॉब संपला’ अशी खूण असे, म्हणून काही ड्रायव्हर सुरुवातीला आणि शेवटी तो घालत. पोस्टस्क्रिप्ट ओळखणारे प्रोग्राम पहिली दोन अक्षरं बघतात. त्यांच्याआधी काही आलं की काही प्रोग्राम फसतात.

आणि तोवर प्रिंटरमधले कागद काढून ठेवा.

रात्रपाळी

पीसीएलवर अडकवलेलं होतं! मेनूत चौथ्या पातळीवर. ऑटो केलं आणि चाललं. मनापासून आभार. धागा वाचत राहतो.

शाईची_ओळ

सॉकेट केलं. आणि प्रिंटर बोलला!!

लॉगमध्ये या दोन ओळी आल्या (देवनागरीत लिहितेय):

टक्का टक्का चौकटी कंस, एरर: इनव्हॅलिडफॉन्ट, ऑफेंडिंगकमांड: डिफाइनरिसोर्स
टक्का टक्का चौकटी कंस, फ्लशिंग: रेस्ट ऑफ जॉब विल बी इग्नोर्ड

चार दिवस तो हेच सांगत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या ओळीने दिव्याचा उलगडाही झाला. अडल्यावर उरलेला सगळा जॉब तो वाचतो आणि टाकून देतो, म्हणून दिवा लुकलुकत राहतो.

पण ‘इनव्हॅलिडफॉन्ट’ का? फॉन्ट पीडीएफमध्ये घातलेला आहे, आणि जुन्या मशीनवर हाच फॉन्ट चालत होता.

जुनीपाटी

आता जरा लांब लिहितो, कारण तुमचा प्रश्न नेमका तिथे आलाय जिथे बहुतेक जण ड्रायव्हर बदलत बसतात.

जुन्या मशीनवर आणि नव्या मशीनवर एकच फाईल छापली तरी प्रिंटरकडे जाणारं पोस्टस्क्रिप्ट एकच नसतं. पूर्वी लिनक्सवर प्रोग्राम स्वतःच पोस्टस्क्रिप्ट लिहून कप्सच्या हाती द्यायचे. २००६ मध्ये छपाईवर काम करणाऱ्या मंडळींनी ठरवलं की यापुढे मधली भाषा पीडीएफ असेल, आणि पुढच्या काही वर्षांत एकेक सिस्टिम त्या वाटेने गेली. आता प्रोग्राम पीडीएफ देतो आणि पोस्टस्क्रिप्ट लिहिण्याचं काम पीडीएफटूपीएस हा फिल्टर करतो. तोही स्वतः लिहीत नाही. तो गोस्टस्क्रिप्टला किंवा पॉपलरला (पीडीएफ वाचून पोस्टस्क्रिप्ट लिहू शकणारे दोन प्रोग्राम) बोलावतो आणि त्यांच्याकडून लिहून घेतो. म्हणजे तुमच्या प्रिंटरच्या दृष्टीने पत्र लिहिणारा माणूसच बदलला आहे. मजकूर तोच, पण वाक्यरचना निराळी.

दुसऱ्या बाजूला प्रिंटर. पोस्टस्क्रिप्ट ही अ‍ॅडोबीची भाषा, १९८४ ची. दुसरी पातळी १९९१ मध्ये आली, तिसरी १९९७ मध्ये. ही नुसती पानाची रचना नाही, पूर्ण प्रोग्रामिंगची भाषा आहे, आणि ती चालवणारा इंटरप्रिटर प्रिंटरच्या आत बसलेला असतो. अनेक प्रिंटरांत तो अ‍ॅडोबीचा नसतो, त्याच भाषेचा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला अवतार असतो. त्यातले कित्येक उत्तम असतात. काही मात्र ‘तिसरी पातळी’ असं सांगतात आणि तिसऱ्या पातळीतल्या कमी वापराच्या गोष्टी अर्धवट सोडून देतात. लॅटिन लिपीतली कागदपत्रं छापताना त्या गोष्टींची गरजच पडत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता दोन तपासण्या करा.

एक: पॉपलरच्या साधनांत पीडीएफफॉन्ट्स नावाची छोटी कमांड आहे, ती तुमच्या फाईलवर चालवा आणि काय येतं ते इथे लिहा.

दोन: प्रिंटरला जाणारं पोस्टस्क्रिप्ट अडवून फाईलमध्ये ठेवा. कप्सफिल्टर नावाची कमांड आहे (पीपीडीतल्या ओळीचं नावही हेच, गोंधळू नका). तिला तुमची पीपीडी आणि पीडीएफ द्या, पीपीडीतले फिल्टरही चालवायला सांगा, आणि निकाल फाईलमध्ये वळवा. ती फाईल टेक्स्ट एडिटरात उघडा. वरच्या वीस-पंचवीस ओळी माणसाने वाचण्यासारख्या असतात. मग तीच फाईल नेटकॅटने (नेटवर्कवरून डेटा थेट धाडणारी कमांड) थेट ९१०० वर पाठवा, मध्ये कप्स नको.

शाईची_ओळ

दोन्ही केलं.

पीडीएफफॉन्ट्समध्ये दोन ओळी आल्या. फॉन्ट एकच, पण दोनदा. पहिल्या ओळीत प्रकार ‘ट्रूटाईप’, एन्कोडिंग ‘विनअँसी’. दुसरीत प्रकार ‘सीआयडी ट्रूटाईप’, एन्कोडिंग ‘आयडेंटिटी-एच’. दोन्ही घातलेले, दोन्हींचा फक्त लागणारा भाग.

अडवलेल्या फाईलच्या माथ्यावर क्रिएटर म्हणून पॉपलर दिसतंय आणि लँग्वेजलेव्हल ३. खाली शोधलं तर ‘सीआयडीफॉन्टटाईप २’ असं लिहिलेलं सापडलं, आणि तो भाग जिथे संपतो तिथे बरोबर ‘डिफाइनरिसोर्स’. म्हणजे प्रिंटर अडतोय ती ओळ मी डोळ्यांनी पाहिली!

नेटकॅटने पाठवली तरी तीच एरर. गोस्टस्क्रिप्टमध्ये मात्र फाईल स्वच्छ उघडते, एकही तक्रार नाही. मग एक पान बनवलं ज्यावर फक्त ‘क’ आहे. तेही गिळलं.

जुनीपाटी

उत्तम काम केलंत. ‘क’ गिळला म्हणजे प्रश्न फाईलच्या आकाराचा किंवा मेमरीचा नाही, तसं असतं तर एरर व्हीएमएरर (मेमरी संपल्याची) आली असती. नेटकॅटनेही तेच झालं म्हणजे कप्सचा बॅकएंड आणि नेटवर्क दोन्ही सुटले. गोस्टस्क्रिप्टने उघडली यावरून मात्र फार काही ठरवू नका. तो फार क्षमाशील आहे, इतरांच्या चुका पोटात घालतो.

इंग्रजी का छापतं तेही कळलं. तुमचा प्रोग्राम लॅटिन अक्षरं साध्या एकबायटी फॉन्टमध्ये ठेवतो. देवनागरीत तसं जमत नाही. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘स्त्री’ यांतल्या जोडाक्षरांच्या आकृत्यांना युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नसतो, त्या फॉन्टच्या आतल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. म्हणून प्रोग्राम त्यांना दोनबायटी सीआयडी फॉन्टमध्ये घालतो. ‘क’ सुद्धा त्यांच्याच सोबतीने तिथे जातो. पॉपलर तिसऱ्या पातळीचं पोस्टस्क्रिप्ट लिहिताना तो सीआयडी फॉन्ट तसाच ठेवतो, आणि तुमचा प्रिंटर तिथे हात टेकतो.

आता प्रिंटरलाच विचारून खात्री करू. पोस्टस्क्रिप्टमध्ये ‘रिसोर्सस्टेटस’ नावाचा ऑपरेटर आहे. अमुक गोष्ट तुझ्याकडे आहे का, असं विचारता येतं. एक साधी टेक्स्ट फाईल करा. पहिली ओळ नेहमीची, टक्का उद्गारचिन्ह पीएस. मग ‘लँग्वेजलेव्हल’ आणि पुढे दोन बरोबरची चिन्हं. मग ‘४२’ (ट्रूटाईप फॉन्ट पोस्टस्क्रिप्टमध्ये गुंडाळून न्यायचा प्रकार), तिरपी रेघ जोडून ‘फॉन्टटाईप’, मग ‘रिसोर्सस्टेटस’, पुन्हा दोन बरोबरची चिन्हं. शेवटच्या ओळीत ‘११’ (सीआयडीच्या दुसऱ्या प्रकाराचा फॉन्टटाईप क्रमांक), तिरपी रेघ जोडून ‘फॉन्टटाईप’, ‘रिसोर्सस्टेटस’, आणि तीच चिन्हं. हे नेटकॅटने पाठवा. कागद येणार नाही, उत्तर तुमच्या पडद्यावर येईल.

शाईची_ओळ

तीन ओळी आल्या.

३
ट्रू
फॉल्स

टोनरगंध

यापेक्षा सरळ उत्तर असूच शकत नाही. पातळी तिसरी सांगतो, टाईप ४२ येतो म्हणतो, सीआयडीचा दुसरा प्रकार येत नाही म्हणतो. जुनीपाटी, हा ऑपरेटर मला माहीत होता पण असा वापरायचं कधी सुचलं नाही.

ताई, आता फिल्टरला दुसरा लेखक देऊन बघा. एलपीअ‍ॅडमिन कमांडने त्या प्रिंटरला ‘पीडीएफटूपीएस-रेंडरर-डिफॉल्ट’ हा पर्याय लावा आणि किंमत द्या ‘जीएस’. म्हणजे पॉपलरऐवजी गोस्टस्क्रिप्ट लिहील, आणि तो दुसऱ्या पातळीचंच पोस्टस्क्रिप्ट लिहितो. सोबत ‘पीएसडीबग-डिफॉल्ट’ ट्रू करून पाहा. त्याने फॉन्ट आणि पानं न दाबता जातात, लंगड्या इंटरप्रिटरला ते पचायला सोपं असतं.

जुनीपाटी

रेंडरर बदलून पाहा, त्याला हरकत नाही. पीएसडीबगने इथे काही होईल असं मला वाटत नाही. तो पर्याय दाबलेला डेटा उलगडताना प्रिंटर चुकत असेल तेव्हाचा आहे. इथे डेटा उलगडला गेला, फॉन्ट प्रिंटरपर्यंत पोहोचला आणि मग नाकारला गेला.

शाईची_ओळ

आधी पॉपलर ठेवून फक्त पीएसडीबग लावलं: तीच एरर. जुनीपाटी बरोबर होते. ते काढलं.

मग गोस्टस्क्रिप्ट लावलं. छापलं! ‘क’ आला, मग पूर्ण पान आलं. आनंदाने उडीच मारली. पण बारा पानांची फाईल पाठवली तर पहिलं पान यायलाच दोन मिनिटं लागली, आणि पुढेही प्रत्येक पानाआधी प्रिंटर विचार करत बसतो. जुन्या मशीनवर हेच बाराचं बाड मिनिटभरात हातात यायचं. आम्हाला रोज अशी पंधरा-वीस बाडं काढावी लागतात. हा वेग असाच राहणार का?

टोनरगंध

वेगाचं कारण सांगतो. गोस्टस्क्रिप्ट जे पोस्टस्क्रिप्ट लिहितो त्याच्या सुरुवातीला एक मोठा प्रोग्राम जोडलेला असतो, आणि पुढची पानं पीडीएफसारख्याच घाटाची असतात. तो सुरुवातीचा प्रोग्राम प्रिंटरच्या आत चालतो आणि ती पानं वाचून काढतो. प्रिंटरचा प्रोसेसर दणकट असेल तर कळतही नाही. जुन्या प्रिंटरवर सगळा भार त्याच्याच अंगावर पडतो.

काही ठराविक बनावटीच्या प्रिंटरांसाठी फिल्टर आपणहून पॉपलरकडे वळतो, त्या सेटिंगचं नाव ‘हायब्रिड’. पण पॉपलर तर तुमच्याकडे आधीच होता.

जुनीपाटी

पॉपलर पुन्हा लावा, पण त्याला तिसऱ्या पातळीत लिहू देऊ नका.

फिल्टर पातळी ठरवतो ती पीपीडीतल्या एका ओळीवरून. ‘लँग्वेजलेव्हल’ नावाची ओळ आहे, तिच्यापुढे अवतरणचिन्हात ३ असेल. पीपीडी म्हणजे प्रिंटरने दिलेलं वचनपत्र आहे, आणि तुमच्या प्रिंटरने त्यातलं एक वचन पाळलेलं नाही, हे रिसोर्सस्टेटसने सांगितलंच आहे. तिथे २ करा. मग पॉपलर सीआयडी फॉन्ट लिहिणारच नाही. तो त्याचे २५६-२५६ आकृत्यांचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा टाईप ४२ चा फॉन्ट बनवतो आणि वरून टाईप शून्यचा एक जोडफॉन्ट लावून ते एकत्र बांधतो. टाईप ४२ तुमच्या प्रिंटरला येतो, त्याने स्वतः ट्रू म्हटलंय. टाईप शून्य तर दुसऱ्या पातळीतलाच आहे.

पीपीडी कप्सच्या फोल्डरात जाऊन जागेवर बदलू नका. प्रत काढा, तिच्यात बदल करा, कप्सटेस्टपीपीडीने तपासा, मग एलपीअ‍ॅडमिनने तीच पीपीडी क्यूला द्या. जागेवर केलेला बदल पुढे कुणी प्रिंटर नव्याने जोडला की पुसला जातो, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला आठवत नाही की काय केलं होतं. प्रतीच्या नावात ‘लेव्हल२’ घाला.

शाईची_ओळ

हात थरथरत होते टाईप करताना.

एकच आकडा बदलला. ‘क’ आला. पूर्ण पान आलं. बाराचं बाड पन्नास सेकंदांत! भिंग लावून बघितलं: ‘ज्ञ’ची गाठ भरलेली नाही, रफार बरोबर अक्षराच्या डोक्यावर बसलाय, ‘ऱ्य’ची पापणी शाबूत आहे, शिरोरेघ कुठे तुटलेली नाही. पीसीएलवर आठ पॉइंटच्या तळटिपा घाण येत होत्या, त्याही स्वच्छ आहेत.

जुनीपाटी, टोनरगंध, काय बोलू. खूप खूप आभार.

निळीशाई

मी वर्षभर चित्र करून छापत होतो तो हाच प्रकार निघाला. माझ्या प्रिंटरला तीच ओळ विचारली, उत्तर फॉल्स. २ केलं, छापलं. माझ्याकडूनही आभार.

शाईची_ओळ

एक किंचित अडचण उरलीय. आता स्कॅन केलेली पानं हळू येताहेत. आधी लगेच यायची. आणि एका तक्त्यामागे करड्या रंगाची हलकी छटा आहे, फिकट होत जाणारी, तिच्यात पट्टे दिसायला लागलेत. हेही लेव्हल २ मुळे का?

टोनरगंध

हो, दोन्ही त्यामुळेच. डेटा दाबायची फ्लेट ही पद्धत पोस्टस्क्रिप्टमध्ये तिसऱ्या पातळीला आली. दुसऱ्या पातळीत ती नाही, म्हणून चित्रं जुन्या पद्धतीने बांधली जातात आणि फाईल फुगते. सलग उतरत जाणाऱ्या छटेचा ऑपरेटरही तिसऱ्या पातळीचाच आहे. तो नसला की छटेचे तुकडे तुकडे करून भरावे लागतात, तेच तुमचे पट्टे.

माझं मत: दोन क्यू करा. प्रिंटर एकच, पत्ता एकच, पीपीडी दोन. एकाचं नाव ‘मजकूर’, लेव्हल २. दुसऱ्याचं ‘स्कॅन’, मूळची लेव्हल ३. कप्सला एका प्रिंटरवर दोन क्यू चालतात.

रात्रपाळी

एक विचारतो, कारण दुसरीकडे वाचलं की पीपीडीच संपणार आहे. मग हे सगळं करून ठेवलेलं पुढे टिकेल का?

जुनीपाटी

कप्सची पुढची मोठी आवृत्ती पीपीडीला आधार देणार नाही हे खरं आहे. दिशा ड्रायव्हरशिवायच्या छपाईची आहे, म्हणजे प्रिंटर आयपीपीवरून स्वतःची माहिती सांगतो आणि ठरलेल्या स्वरूपातलं पान घेतो. २०१० मध्ये एअरप्रिंट आल्यापासून नवे प्रिंटर सरसकट तसेच येतात. जुन्या पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरांसाठी ओपनप्रिंटिंगच्या लोकांनी वेगळा प्रोग्राम लिहिला आहे, ‘पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन’. तो जुन्या प्रिंटरच्या पुढे उभा राहून नव्या प्रिंटरसारखं बोलतो, पण आत पीपीडी आणि हेच फिल्टर वापरतो. म्हणून लेव्हल२ ची प्रत जपून ठेवा, आणि ती चार ओळींची टेक्स्ट फाईलही. प्रिंटरचा इंटरप्रिटर बदलणार नाही, तो पुढच्या सिस्टिमवरही फॉल्सच म्हणेल.

अवांतर: फिल्टर फेल्ड असा निरोप येणाऱ्यांनी हा धागा वाचून पीपीडीतली पातळी बदलू नये. तिथे बहुतेक वेळा कप्सफिल्टरच्या ओळीत कंपनीच्या फिल्टरचं नाव असतं आणि तो प्रोग्राम जागेवर नसतो, किंवा त्याचा मालक रूट नसल्यामुळे कप्स तो असुरक्षित म्हणून चालवत नाही, किंवा तो ३२-बिटचा असतो आणि ६४-बिट सिस्टिमवर त्याला लागणाऱ्या लायब्ररी नसतात. शेवटच्या प्रकारात ‘फाईल सापडली नाही’ असा निरोप येतो आणि फाईल तर समोर दिसत असते.

शाईची_ओळ

दोन क्यू केल्या, ‘मजकूर’ आणि ‘स्कॅन’. सुरुवातीला ‘मजकूर’वरून सगळं एकाच बाजूला छापून आलं. दुहेरी छपाई आणि ट्रे यांची सेटिंग प्रत्येक क्यूची वेगळी असते, नव्या पीपीडीबरोबर ती पुन्हा नेमावी लागली. नेमली. ‘स्कॅन’वर छटा सलग आली, पट्टे गेले.

पीपीडीच्या दोन्ही प्रती, प्रिंटरला विचारायची ती चार ओळींची फाईल आणि प्रिंटरचं उत्तर, सगळं एका फोल्डरात ठेवून त्याचा कागद काढला आणि प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. तो कागद ‘मजकूर’वरूनच छापला.